दोन्ही कामांत हुशार असणाऱ्याने काय करावे?

स्टॅनिस्लॉ उलम हा पोलिश गणिती. हायड्रोजन बॉम्बच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता, आणि यदृच्छेने आकडे निवडून अवघड गणिते सोडविण्याची 'मॉन्टे कार्लो' पद्धत प्रामुख्याने त्याच्याच डोक्यातून निघाली. तरुणपणी हार्वर्ड विद्यापीठात पॉल सॅम्युएल्सन हा अर्थशास्त्रज्ञ त्याचा सोबती होता. उलमने एकदा त्याला डिवचले : तुमच्या सगळ्या सामाजिक शास्त्रांत मिळून असे एक तरी विधान दाखव, की जे खरेही आहे आणि शेंबड्या पोरालाही आधीच ठाऊक असावे इतके उघडही नाही. सॅम्युएल्सनला त्या वेळी उत्तर देता आले नाही. योग्य उत्तर सुचायला त्याला तीसेक वर्षे लागली. १९६९ साली छापलेल्या एका लेखात त्याने ते सांगितले आणि पुढच्याच वर्षी, १९७० साली, त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले (अर्थात ते या उत्तरासाठी नव्हे!).

त्याचे उत्तर होते : तुलनात्मक लाभाचा सिद्धांत.

विज्ञानाच्या मासिकात हा अर्थशास्त्राचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही या सिद्धांताबद्दल लिहावेसे वाटते, कारण चार आकडे, बेरीज-वजाबाकी आणि एक आलेख कागद एवढ्यावर त्याचे काम भागते, आणि इतके असूनही पहिल्यांदा ऐकताना तो चक्क खोटा वाटतो. शिवाय त्या चार आकड्यांच्या आधारे देशोदेशींचे व्यापाराचे तह झाले, कायदे झाले, कारखाने उघडले आणि बंद पडले. आपल्या देशाचाही त्यात बराच संबंध आला. तेव्हा आधी गणित पाहू आणि मग ते गणित कोठवर पुरते हेही पाहू.

करंज्या आणि लाडू

दिवाळीचा फराळ करावयाचा आहे. सारण, पाक, पीठ सर्व तयार आहे. थोरली बहीण तासाला ४० करंज्या करते, किंवा लाडू वळायला बसली तर तासाला ४० लाडू वळते. धाकटी अजून शिकाऊ आहे. करंजीची मुरड तिला नीट जमत नाही. तासाला जेमतेम १० होतात. लाडू मात्र तासाला २० वळते. दोघींजवळ प्रत्येकी चार तास आहेत.

थोरली दोन्ही कामांत सरस आहे. करंज्यांत चौपट, लाडवांत दुप्पट. मग धाकटीचा उपयोग काय? वरकामाला ठेवावी, असा सल्ला एखादी आत्या देईलही. पण तिचाही वेळ कामी लावायचाच, असे ठरवू आणि प्रथम दोघींनी निम्मा निम्मा वेळ दोन्ही कामांना दिला असे समजू. थोरलीच्या दोन तासांत ८० करंज्या आणि उरलेल्या दोन तासांत ८० लाडू होतील. धाकटीच्या २० करंज्या आणि ४० लाडू होतील. डब्यात एकूण १०० करंज्या आणि १२० लाडू जमले.

आता वाटणी बदला. धाकटीने करंजीला हात लावायचा नाही. चारही तास लाडू वळायचे. तिचे झाले ८० लाडू. थोरलीने एकच तास लाडवांना द्यावा, म्हणजे तिचे ४०. लाडू पुन्हा १२० भरले, पूर्वीइतकेच. थोरलीचे तीन तास उरले. त्यांत १२० करंज्या झाल्या. पूर्वी करंज्या १०० होत्या.

वीस करंज्या जास्त आल्या. कोणी एक मिनिट अधिक राबले नाही, कोणाचा हात अधिक वेगाने चालला नाही.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या मनात येथे शंका यायलाच हवी. काहीही न घालता काही मिळते असे कोणी म्हणाले, की आपण लगेच त्याच्या यंत्रात लपविलेली बॅटरी शोधू लागतो. आणि ती सवय चांगलीच आहे. येथे मात्र कोणताही अक्षय्यतेचा नियम मोडलेला नाही. पीठ जास्त लागले, सारण जास्त लागले, ते आपण धरून चाललो आहोत. वाढले ते श्रमांचे फळ, आणि ते वाढले याचा अर्थ पूर्वीच्या वाटणीत काही फळ वाया जात होते. कोठे वाया जात होते, ते शोधू.

ती गळती सापडण्यासाठी करंजीची किंमत तासांत न मोजता लाडवांत मोजावी लागते. थोरली एक करंजी करते तेव्हा तेवढ्या वेळात एक लाडू वळता आला असता, तो बुडाला. म्हणजे तिच्या करंजीची किंमत एक लाडू. धाकटीला एका करंजीला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तिचे दोन लाडू झाले असते. तिच्या करंजीची किंमत दोन लाडू. एकाच घरात एक लाडू देऊन करंजी मिळत असताना, आपण काही करंज्या दोन-दोन लाडू देऊन घेत होतो! गळती ती हीच.

एक गोष्ट करताना जी दुसरी गोष्ट हातची जाते, तीच पहिलीची खरी किंमत, या कल्पनेला अर्थशास्त्रात 'वैकल्पिक खर्च' म्हणतात. आता हीच किंमत उलट बाजूने वाचा. थोरलीच्या लाडवाची किंमत एक करंजी, धाकटीच्या लाडवाची किंमत अर्धी करंजी. लाडवांच्या बाबतीत धाकटी 'स्वस्त' आहे. वेगात ती थोरलीच्या निम्मी आहे, तरीही स्वस्त आहे. हा तिचा तुलनात्मक लाभ. येथेच पुष्कळांची, पाठ्यपुस्तके वाचून आलेल्यांचीसुद्धा, गल्लत होते. 'ज्याला जे उत्तम येते त्याने ते करावे' असे या सिद्धांताचे सार सांगितले जाते. तसे असते तर उलमने त्याला उघड गोष्टच म्हटले असते. धाकटीला कोणतीही गोष्ट थोरलीपेक्षा उत्तम येत नाही. आणि तरीही ती घरात असल्याने थोरलीची करंज्यांची संख्या वाढते, तीही लाडू न गमावता.

गुणोत्तर सारखे असेल, म्हणजे धाकटीचा वेग करंज्यांतही २० आणि लाडवांतही २० असेल, तर ही किमया होत नाही. कशीही वाटणी करा, बेरीज तेवढीच येते. शिक्षकांनी हे वर्गात मुलांकडून अवश्य करवून घ्यावे. फरक वेगांत असून भागत नाही. तो वेगांच्या गुणोत्तरांत असावा लागतो.

आलेख कागदावर

आता आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर करंज्या आणि उभ्या अक्षावर लाडू मांडा. दोघींनी आठही तास लाडूच वळले तर १६० अधिक ८०, म्हणजे २४० लाडू होतील. हा बिंदू उभ्या अक्षावर घ्या. करंज्या हव्यात, तर त्या प्रथम कोणाकडून करवून घ्याल? जिच्याकडे त्या स्वस्त आहेत तिच्याकडून, म्हणजे थोरलीकडून. एकेका करंजीमागे एकेक लाडू कमी होईल. थोरलीचे चारही तास करंज्यांत जाईपर्यंत रेघ सरळ उतरत राहील आणि १६० करंज्या, ८० लाडू या बिंदूपाशी पोचेल. याहून अधिक करंज्या हव्या असतील तर धाकटीलाच बसवावे लागेल, आणि तिच्या प्रत्येक करंजीमागे दोन लाडू जातील. रेघ येथे मोडून दुप्पट तीव्र उताराने खाली येईल आणि २०० करंज्यांपाशी आडव्या अक्षाला मिळेल.

ही मोडलेली रेघ म्हणजे त्या घराची 'उत्पादन शक्यता रेषा'. तिच्या पलीकडचा बिंदू आज अशक्य आहे. तिच्या आतला बिंदू शक्य आहे, पण तेथे काहीतरी वाया जात आहे. आपली पहिली वाटणी, १०० करंज्या व १२० लाडू, मांडून पाहा : ती रेषेच्या आत पडते. दुसरी वाटणी, १२० आणि १२०, नेमकी रेषेवर पडते. वीस करंज्यांचे गूढ ते एवढेच. आपण आत होतो, ते काठावर आलो.

आईही मदतीला बसली, आणि तिचा वेग तासाला ३० करंज्या किंवा ४५ लाडू असा आहे, असे समजा. तिच्या करंजीची किंमत दीड लाडू होते. मग रेषेचे तीन तुकडे पडतात : पहिला थोरलीचा, उतार एक, मधला आईचा, उतार दीड, शेवटचा धाकटीचा, उतार दोन. दोन मोडांचे बिंदू स्वतः काढून पाहा. माणसे वाढत गेली की तुकडे वाढतात, लहान होतात, आणि लाखो माणसांच्या देशात त्यांची बाहेर फुगलेली गुळगुळीत वक्ररेषा बनते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ही वक्ररेषा पहिल्याच प्रकरणात भेटते. सॅम्युएल्सनच्या १९४८ सालच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात तिच्या दोन अक्षांवर तोफा आणि लोणी होते. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ती जोडी का निवडली ते कळते. वक्र बाहेर फुगलेला का, याचे एक कारण आता तुमच्याजवळ आहे : स्वस्त करणारे आधी संपतात, मग महाग करणाऱ्यांची पाळी येते.

रिकार्डोचे चार आकडे

हा विचार आकड्यांत मांडून प्रसिद्ध केला तो डेव्हिड रिकार्डो याने. त्याचा जन्म १७७२ साली लंडनमध्ये झाला. बाप रोखे-दलाल, मुलगा चौदाव्या वर्षीच बापाच्या धंद्यात शिरला. पुढे घराण्याच्या ज्यू धर्माबाहेर लग्न केल्यामुळे त्याला घर सोडावे लागले, पण दलालीत त्याने स्वतःच्या बळावर अमाप पैसा मिळविला. विज्ञानाची त्याला हौस होती : खनिजे गोळा करी, घरी प्रयोगशाळा थाटली होती, आणि लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या सुरुवातीच्या सभासदांत त्याचे नाव आहे. १७९९ साली बाथ या गावी मुक्काम असताना ॲडम स्मिथचा ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि तो अर्थशास्त्राकडे वळला. १८१७ साली त्याचा स्वतःचा ग्रंथ निघाला. त्याच्या सातव्या प्रकरणात, परदेशी व्यापाराच्या विवेचनात, थोड्याशा ओळींत हे चार आकडे येतात.

इंग्लंडमध्ये ठराविक कापड तयार करायला १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, आणि ठराविक मद्य तयार करायला १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच मद्याला ८० माणसे पुरतात आणि तेवढ्याच कापडाला ९०. म्हणजे पोर्तुगाल ही आपली थोरली बहीण. दोन्ही कामांत तिला कमी श्रम लागतात. आकडे अर्थातच कल्पिलेले आहेत. वाफेच्या यंत्रांनी गजबजलेल्या इंग्लंडला त्याने मुद्दाम धाकटीची जागा दिली, म्हणजे मुद्दा अधिक ठसावा.

दोन्ही देशांनी दोन्ही वस्तू स्वतः केल्या तर इंग्लंडची २२० आणि पोर्तुगालची १७०, मिळून ३९० माणसे लागतात. इंग्लंडने दोन्ही वाटे कापड विणले तर २०० माणसे. पोर्तुगालने दोन्ही वाटे मद्य गाळले तर १६०. बेरीज ३६०. माल तेवढाच, तीस माणसे मोकळी. कापडाच्या एका वाट्याला मद्याचा एक वाटा, असा बदला ठरला तर इंग्लंडची २० माणसे वाचतात आणि पोर्तुगालची १०.

थोरलीच्या वाट्याला कमी आले, हे तुमच्या नजरेतून सुटले नसेल. पण हे काही निसर्गाने ठरविलेले नाही. इंग्लंडमध्ये मद्याच्या एका वाट्याची किंमत १२० भागिले १००, म्हणजे कापडाचे १.२ वाटे आहे. पोर्तुगालमध्ये ८० भागिले ९०, म्हणजे सुमारे ०.८९ वाटे. या दोहोंच्या मधला कोणताही दर दोघांनाही परवडतो. दर १.२ च्या जवळ गेला की जवळजवळ सगळा फायदा पोर्तुगालचा, ०.८९ च्या जवळ आला की सगळा इंग्लंडचा. प्रत्यक्षात दर कोठे थांबेल, हे या चार आकड्यांतून निघत नाही. त्यासाठी कोणाला कशाची किती गरज आहे हेही पाहावे लागते, आणि ते काम पुढे १८४८ साली जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या ग्रंथात केले. म्हणून 'व्यापाराने दोघांचाही फायदा होतो' हे वाक्य ऐकले की लगेच 'कोणाचा किती?' असे विचारावे. पहिले वाक्य खरे असूनही दुसऱ्याचे उत्तर फार एकतर्फी असू शकते.

आणखी एक प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतील. पोर्तुगालमध्ये दोन्ही माल कमी श्रमांत होतात, तर सगळे कारखानदार इंग्लंड सोडून तिकडेच का जात नाहीत? रिकार्डोने हा प्रश्न टाळलेला नाही. यॉर्कशायरमध्ये नफा अधिक असेल तर लंडनचे भांडवल तिकडे चटकन जाईल, असे तो म्हणतो. पण देशाच्या सीमेपलीकडे भांडवल आणि माणसे इतक्या सहज जात नाहीत, असे त्याने गृहीत धरले होते. त्याच्या काळी ते बरेचसे खरे होते. आज भांडवल एका रात्रीत समुद्र ओलांडते, तेव्हा हे गृहीत तितकेसे भक्कम राहिलेले नाही.

आपण उतरणीवरच्या ठोकळ्याचे गणित घालतो तेव्हा 'घर्षण नाही असे समजा' म्हणतो. रिकार्डोच्या गणितातही असे घर्षण सोडून दिलेले आहे. जहाजाचे भाडे हे त्यातले लहान घर्षण. मोठे घर्षण माणसांचे आहे. पोर्तुगालची ती ९० कापड-माणसे, ज्यांना गणिताने एका ओळीत मद्याकडे वळविले, त्यांनी आयुष्यभर माग चालवला आहे. द्राक्षाचा वेल छाटायला ती कधी शिकणार, आणि तोवर खाणार काय? दोघी बहिणींचा डबा एकच होता. फराळ वाढला की दोघींनाही वाढून मिळाला. कोष्टी आणि द्राक्षबागाईतदार यांचा डबा एक नसतो. देशाची बेरीज वाढली म्हणून कोष्ट्याच्या ताटात आपोआप काही पडत नाही. ते कोणीतरी आणून वाढावे लागते.

रिकार्डोच्या देशात तर वाद नेमका या ताटांचाच होता. १८१५ साली इंग्लंडने धान्याचा कायदा केला. देशातील गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विकायला बंदी. जमीनदारांचे उखळ पांढरे झाले, आणि शहरातल्या मजुराची भाकरी महागली. स्वतः जमीनदार आणि १८१९ पासून पार्लमेंटचा सभासद असूनही रिकार्डोने त्याविरुद्ध मत दिले आणि लिहिले. १८२३ साली तो वारला. कायदा गेला १८४६ साली.

आकडे कोणी लिहिले?

रिकार्डोने कापड आणि मद्य हीच जोडी का निवडली? या दोन देशांत या दोन मालांची देवघेव शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होती. १७०३ साली लिस्बन येथे मेथुएनचा तह झाला. तो अगदीच छोटा, तीन कलमांचा होता. पोर्तुगालने इंग्लिश लोकरी कापडाला आपला बाजार खुला केला; इंग्लंडने पोर्तुगीज मद्यावर फ्रेंच मद्यापेक्षा एकतृतीयांश कमी जकात घेण्याचे कबूल केले. तह झाला तेव्हा इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध चालू होते, आणि या तहामागे वेलांच्या मातीपेक्षा युद्धाचे राजकारण अधिक होते. पुढे डोउरो नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळे पसरले. १७५६ साली तेथील मद्याची सरकारी कंपनी निघाली आणि प्रदेशाच्या हद्दी आखल्या गेल्या. 'पोर्ट' या नावाने ते मद्य आजही विकले जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालने उभारायला घेतलेले लोकरीच्या कापडाचे कारखाने मात्र मागे पडले. इंग्लंडच्या कापडाची किंमत मद्याने पुरी फिटेना, तेव्हा उरलेली ब्राझीलच्या सोन्याने फेडली गेली.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट याने १८४१ साली आपल्या ग्रंथात या तहावर बोट ठेवले. त्याचा मुद्दा आपल्या फराळाच्या भाषेत सांगता येतो. धाकटी तासाला दहाच करंज्या करते, कारण तिने त्या फारशा केलेल्या नाहीत. तिला कायम लाडवांनाच बसवले तर तो दहाचा आकडा कधीही हलणार नाही. समजा, या वर्षी नुकसान सोसून तिला चारही तास करंज्यांना बसवले. तिच्या होतील ४०. लाडू १२० हवेतच, म्हणून थोरलीला तीन तास लाडू वळावे लागतील, आणि उरलेल्या तासात तिच्या ४० करंज्या. एकूण ८० करंज्या. म्हणजे उत्तम वाटणीपेक्षा ४० कमी. पण या सरावाने पुढच्या वर्षी धाकटीचा वेग तासाला ३० करंज्या झाला, तर? तिच्या करंजीची किंमत आता दोनतृतीयांश लाडू. थोरलीपेक्षा कमी! सगळी वाटणी उलटली. आता थोरलीने तीन तास लाडू वळावेत आणि बाकी सर्व करंज्या : धाकटीच्या १२० आणि थोरलीच्या ४०, एकूण १६०. दरवर्षी पूर्वीपेक्षा ४० अधिक. एका वर्षाचा तोटा एकाच वर्षात वसूल होऊन पुढे सारा नफा.

रिकार्डोचे गणित यात कोठेही चुकत नाही. ते रेषेवर कोठे उभे राहावे ते सांगते. रेषाच कशी सरकवावी, हे त्याला कोणी विचारलेले नाही.

हा फरक आपल्याकडे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी फार स्पष्टपणे पाहिला. मराठी वाचकाला अर्थशास्त्राची तोंडओळख तशी जुनीच. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ सालचे. पण रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेले हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रावरील व्याख्यान निराळ्या तोडीचे होते. उष्ण कटिबंधातील देशांनी कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण देशांनी कारखाने चालवावेत, ही जणू निसर्गानेच केलेली श्रमाची वाटणी आहे, असे त्या वेळी इंग्रजी ग्रंथांच्या आधारे सांगितले जाई. रानड्यांनी लिस्टचा आधार घेऊन ही वाटणी नैसर्गिक नाही असे मांडले. त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा भक्कम आधार होता. इंग्लंडच्या गिरण्या सुरू होण्यापूर्वी हिंदुस्थानचे सुती कापड जगाच्या बाजारात जात होते. उष्ण कटिबंध तेव्हाही हाच होता. हवामान बदलले नाही, गुणोत्तरे बदलली.

ती परत एकदा बदलत असल्याचेही रानड्यांच्या डोळ्यांसमोर होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे मुंबईच्या गिरण्यांचे सूत थेट चीनच्या बाजारात जाऊ लागले. आणि हे घडले ते सरकारी संरक्षणावाचून. उलट, १८८२ साली विलायती कापडावरील आयात जकात काढून टाकण्यात आली, आणि १८९६ साली साडेतीन टक्के जकात बसवली तेव्हा तेवढाच कर मुंबईच्या कापडावरही लादला गेला, का तर लँकेशायरला झळ लागू नये. तो कर जवळजवळ तीस वर्षे राहिला. मुक्त व्यापाराचा सिद्धांत सांगणाऱ्यांनी दुसऱ्याच्या आलेखावर आपल्या सोयीची रेघ ओढली, असे याला म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

मात्र लिस्टच्या हिशेबातही एक 'जर' आहे, आणि तो लहान नाही. धाकटीचा वेग १० वरून ३० वर गेला तर. न गेला, तर दरवर्षी ४० करंज्यांचा तोटा, आणि 'शिकते आहे हो, थांबा जरा' हे उत्तर वर्षानुवर्षे. स्वतंत्र भारताने कित्येक धंद्यांना जकातींच्या भिंतीआड वाढवले. काही खरोखर शिकले. काहींनी भिंतीचाच आधार घेतला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर आलेली अँबॅसडर मोटार इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवर बेतलेली होती. ती २०१४ पर्यंत बनत राहिली, आणि एवढ्या वर्षांत तिचे रूप फारसे पालटले नाही. १९९१ पासून आपण त्या भिंती बऱ्याच उतरवल्या. कोणता धंदा शिकाऊ आहे आणि कोणता नुसताच हट्टी, हे आधी ओळखण्याचे सूत्र माझ्या मते अजून कोणाजवळ नाही. तेथे आकड्यांबरोबर माणसांची पारख लागते, आणि तेथे अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नाही.

शेवटी आलेख कागद हातात आहे तोवर एक उदाहरण सोडवा. रिकार्डोच्या चार आकड्यांपैकी तीन तसेच ठेवा : इंग्लंडचे कापड १००, पोर्तुगालचे कापड ९०, पोर्तुगालचे मद्य ८०. इंग्लंडच्या मद्याचा १२० हा आकडा हळूहळू खाली आणा. कोठे आला म्हणजे व्यापाराचा फायदा शून्य होईल? उत्तर पूर्णांकात येत नाही. ८९ च्या किंचित अलीकडे येते. त्याच्याही खाली, ८५ घेऊन पाहा. पोर्तुगालचे मद्य अजूनही कमी श्रमांत, ८० माणसांतच होते आहे. तरीही आता इंग्लंडने मद्य गाळावे आणि पोर्तुगालने कापड विणावे, असे गणित सांगेल, आणि मिळून पाच माणसे वाचतील. मात्र एका वाट्याला एक वाटा हा दर आता चालणार नाही. कोणता चालेल, ते काढा.